नवरी बारीक पाहिजे

आपल्या समाजात मुलीचं लग्न जमलं की तिचं वजन ही तिची खासगी गोष्ट राहत नाही. ते मामीचं होतं, शेजारणीचं होतं, ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरचंही होतं. ज्यांना स्वतःचा रक्तदाब मोजायला वर्षानुवर्षं सवड मिळत नाही, ते नवरीचा दंड डोळ्यांनी मोजून घेतात आणि न विचारता सल्ला देतात. तुम्ही दिला असेल, मीही दिला आहे. म्हणून ही गोष्ट परक्या घरातली समजून वाचू नका.

नागपुरातल्या मानेवाड्यात राहणारे मधुकरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी त्याच बसनं यायचे, आणि मधलं सारं घर त्यांची बायको गोपिका चालवायची. त्यांची एकुलती एक मुलगी श्वेता सव्वीस वर्षांची होती. एका शाळेत गणित शिकवायची. अंगानं भरलेली, हसरी, शाळेचे तीन मजले दिवसातून सहा वेळा चढणारी. वजन एकोणसत्तर किलो होतं आणि त्याचा तिला काही त्रास नव्हता. त्रास बघणाऱ्यांना होता.

फेब्रुवारीत तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा ऋषिकेश कळमेश्वरचा, बँकेत नोकरीला. अंगठी घालून झाल्यावर मुलाची आई पार्वतीबाई श्वेताला बांगड्या भरायला बसल्या. त्यांनी आणलेल्या बांगड्या पंजावरून चढेनात. साबण लावला, तरी चढेनात.

"पोट्टी चांगली आहे बाप्पा, बोलाचालाले बी चांगली आहे," पार्वतीबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "पण थोडी कमी करा. आमच्या ऋषिकेशच्या बाजूले उभी राहिली त त्याची मोठी बहीण दिसन."

मांडवातल्या बायका हसल्या. ऋषिकेश मोबाइलमध्ये पाहत राहिला. गोपिकाही हसली, कारण मुलीच्या आईनं अशा वेळी हसायचंच असतं असं तिला कुणीतरी लहानपणापासून शिकवलेलं होतं. श्वेता मान खाली घालून हाताचा साबण पुसत बसली.

घरी आल्यावर गोपिकानं आपल्या भाच्याला फोन केला. सुशील एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होता. दुसऱ्याच दिवशी तो थर्मासच्या पिशवीत एक पेन घेऊन आला. शाईचं नव्हे, इंजेक्शनचं.

"आत्या, हे शुगरच्या पेशंटले देतात. पण आता वजनासाठी सारेच घेऊन राहिले," तो म्हणाला. "आठवड्यातून एकदा पोटाले टोचायचं. भूकच लागत नाही."

"डॉक्टरची चिठ्ठी लागत असन ना?"

"घरच्याले कायची चिठ्ठी? पहिला महिना लहान डोस, मंग दर महिन्याले थोडा वाढवायचा, असं आतल्या कागदावर आहे."

"लग्न मे महिन्यात आहे सुशील. इतका टाइम कुठं आहे?"

सुशीलनं थोडा विचार केला आणि महिन्यानं वाढवायचा डोस आठवड्या-आठवड्यानं वाढवायचा असं ठरवून टाकलं. बारावी झालेल्या मुलानं आणि दहावी झालेल्या आत्यानं मिळून, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, एका निरोगी मुलीचा उपचार ठरवला. त्या कागदावर धोक्याच्या सूचना होत्या. त्या बारीक अक्षरात होत्या आणि इंग्रजीत होत्या. तो कागद कचऱ्यात गेला.

"आई, मले कोणताच आजार नाही. मी सुई काहून घेऊ?" श्वेतानं विचारलं.

"तीन महिन्याचा प्रश्न आहे वं. एकदा लग्न लागू दे, मंग खाय तुले काय खायचं ते. लोक काय म्हणून राहिले, ऐकलं ना तू?"

"लोकं म्हणते, तू नको म्हणू."

गोपिका दोन दिवस जेवली नाही. बाप म्हणाला, तुमचं तुम्ही पाहा, मला ड्यूटी आहे. तिसऱ्या दिवशी श्वेता स्वतःच आईसमोर येऊन बसली आणि तिनं कुर्ता वर केला. आपल्या घरांतल्या मुली अशाच तयार होतात. त्यांना पटलेलं नसतं, त्या थकलेल्या असतात. आणि आपण मात्र सांगत सुटतो, मुलीची पण इच्छा होती.

मार्च संपेपर्यंत श्वेताचा चेहरा उतरला. शाळेत फळ्यावर गणित मांडताना तिला मळमळायचं, ती खुर्चीला धरून उभी राहायची. चार घास खाल्ले की पोट तुडुंब वाटायचं. केस मुठीनं गळायला लागले. पण वजनकाट्यावरचा आकडा खाली येत होता, आणि तो पाहून जो तो खूश होता. "काय मस्त बारीक झाली वं श्वेता," असं गल्लीतली प्रत्येक बाई म्हणायची. तब्येत बरी आहे का, हे एकीनंही विचारलं नाही. कुणी उपाय विचारला की गोपिका सांगायची, सकाळी गरम पाणी पिते, रात्रीचं जेवण सोडलं. पेन फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लपवलेलं होतं. औषध घेऊन बारीक झालेली मुलगी म्हणजे फसवणूक, असं सासरचे म्हणतील याची तिला धास्ती होती.

एप्रिलमध्ये श्वेताच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवल्यावर कळ यायची, पाठीपर्यंत जायची. ही कळ गोपिकाला चांगली ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी तिच्याच पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते आणि ती पिशवी काढावी लागली होती. कोणत्याही डॉक्टरनं सुई देण्याआधी हा प्रश्न पहिला विचारला असता. पण डॉक्टर मध्ये नव्हताच. गोपिकानं मुलीला सोड्याची पुडी पाण्यात घालून दिली आणि ॲसिडिटी आहे म्हणून सांगितलं. आतून तिला शंका आली नसेल असं मला वाटत नाही. लग्न पाच आठवड्यांवर होतं, एवढंच.

मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर गेलं. लग्नाला दोन दिवस असताना श्वेताला उलट्या सुरू झाल्या. साऱ्यांनी एका सुरात निदान केलं, ऊन लागलं. नागपुरात मे महिन्यात कुणाला काहीही झालं तरी ते ऊनच असतं. तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, कूलर तिच्या तोंडावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांना घरी बोलावलं, कारण त्याच दिवशी हळद होती आणि पार्वतीबाई पाच बायका घेऊन नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आल्या होत्या.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबलं. श्वेता कळवळली.

"कोणतं औषध, इंजेक्शन चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

पार्वतीबाई दारातच उभ्या होत्या. गोपिकानं त्यांच्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "नाही डॉक्टर. पोट्टीले कायचं औषध राहते?"

डॉक्टरांनी सलाईन लावलं, उलटीचं औषध दिलं आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर दवाखान्यात न्या असं बजावून गेले. सलाईन संपल्यावर आईनं तिला दोन घास दहीभात भरवला. मग तिला पाटावर बसवलं. तिला सरळ बसता येत नव्हतं, म्हणून दोघींनी दंडाला धरलं. गाणी झाली, फोटो झाले. चेहऱ्याला, हातापायांना, गळ्याला, जिथं जिथं कातडी दिसत होती तिथं हळद लागली. फोटोत नवरी खरंच बारीक दिसत होती.

दुपारी दोन वाजता शेजारच्या सिंधूताई आल्या. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून राबून त्या निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतल्या लेकराला ताप आला तर आधी सिंधूताईंचं दार वाजायचं. त्या हळद लावायला आल्या होत्या. श्वेता कूलरसमोर पोटाशी पाय घेऊन पडली होती. सिंधूताईंनी हळदीची वाटी खाली ठेवली, तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली आणि दुसरा डोळाही तसाच पाहिला.

"ही हळद डोळ्यात कशी गेली वं?" त्या हळूच म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. हळद कातडीला लागते, डोळ्यातल्या पांढऱ्याला लागत नाही. श्वेताचे डोळे पिवळेजर्द झाले होते. तिला कावीळ झाली होती आणि घरातल्या पंचवीस माणसांनी, तिच्या आईनंसुद्धा, ती कावीळ हळदीखाली झाकून टाकली होती.

"लघवी झाली का बेटा?"

"सकाळपासून नाही मावशी. काल झाली त चहासारखी होती."

सिंधूताई उठल्या. त्यांनी गोपिकाचा हात धरला, तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"काय टोचून राहिली तू पोरीले?"

"काही नाही ताई. ऊन लागलं तिले."

"तीन महिन्यांत चौदा किलो गरम पाणी पिऊन नाही जात, गोपिका. आमच्या घरचे गोपाळराव बी ते इंजेक्शन घेते. शुगर आहे त्यांले, वजन बी लय आहे. डॉक्टरनं आधी पोटाची सोनोग्राफी केली. पित्ताचे खडे होते का विचारलं, घरात कोणाले कायचा कॅन्सर होता का विचारलं. महिन्या-महिन्यानं डोस वाढवला, दर वेळी तपासलं. औषध खराब नाही. ज्याले पाहिजे त्याले ते वाचवते. पण तू ते काहून दिलं? कोणाले विचारून दिलं?"

"हळू बोला ना ताई. त्या बाहेर बसल्या आहेत."

"बसल्या त बसू दे."

"एकच दिवस आहे ताई. उद्या लग्न लागलं की मीच नेईन तिले दवाखान्यात, शपथ घेऊन सांगतो बाप्पा."

"उद्या कोणाचं लग्न लावतं? तिचे डोळे पाहिले तू?" सिंधूताई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. इज्जतीपायी डॉक्टरले खोटं सांगणारे नातेवाईक मी लय पाहिले. मंग तेच लोक बाहेरच्या बाकावर बसून रडते. ते रडणं बी मी पाहिलं. मले तुले त्या बाकावर नाही पाहायचं."

गोपिका ओट्याला धरून उभी राहिली. सिंधूताईंनी मग तिची वाट पाहिली नाही. बाहेर येऊन मधुकररावांना त्या म्हणाल्या, "गाडी काढा भाऊ. पोरगी आत्ताच्या आत्ता न्यायची."

"हळद लागलेली नवरी घराबाहेर काढत नाही," पार्वतीबाई उठून उभ्या राहिल्या. "अपशकुन होते. डॉक्टरले बोलवा घरी."

तीन महिने 'तुमचं तुम्ही पाहा' म्हणणारे मधुकरराव त्या दिवशी पुढे झाले. त्यांनी मुलीला उचललं आणि उंबरठा ओलांडून चालू लागले. ती त्यांना फार हलकी लागली. गाडीपर्यंत जाईतो त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या पिवळ्या झाल्या होत्या.

धंतोलीतल्या दवाखान्यात तासाभरात सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट आले. झटपट वजन उतरल्यानं पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते आणि त्यातला एक नळीत जाऊन अडकला होता. स्वादुपिंड सुजलं होतं, उलट्यांनी अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडं थकली होती, संसर्ग रक्तात उतरत होता. भूल देऊन, तोंडातून दुर्बीण घालून तो खडा लगेच काढायला हवा होता. भूल देणारी तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आली. मधुकरराव, गोपिका आणि सिंधूताई उभे होते. मागच्या गाडीतून आलेल्या पार्वतीबाई आणि त्यांच्या दोन जावाही तिथंच होत्या.

"शेवटचं कधी खाल्लं?"

"सकाळी. दोन घास दहीभात," गोपिका म्हणाली.

"दमा, ॲलर्जी? रोजची गोळी? कुठलं इंजेक्शन?"

गोपिकानं पार्वतीबाईंकडे पाहिलं, मग सिंधूताईंकडे. सिंधूताईंना सगळं सांगता आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काय टोचलं, किती टोचलं, ते तुलेच माहीत आहे. आई तू आहेस."

दारापलीकडून श्वेताच्या कण्हण्याचा आवाज आला.

"आहे!" गोपिका इतक्या मोठ्यानं म्हणाली की कॉरिडॉरमधली माणसं वळून पाहायला लागली. "वजन कमी करायचं इंजेक्शन आहे. तीन महिने मीच टोचून राहिली होती. डोस बी मनानंच वाढवला. शेवटची सुई पाच दिवसांपूर्वी टोचली. लिहा तुम्ही, सारं लिहा."

डॉक्टरनं भराभर लिहून घेतलं. तिनं आत जाऊन काहीतरी सांगितलं आणि धावपळीचा रोख बदलला. या औषधानं पोट फार हळू रिकामं होतं. एरवी सकाळच्या दोन घासांची कुणी एवढी काळजी केली नसती. आधी नाकातून नळी घालून पोट उपसलं, तेव्हा सकाळचा दहीभात तर निघालाच, आदल्या दिवशीचा वरणभातही निघाला. एवढ्या उलट्या होऊनही तो तसाच होता. भुलीत तेच अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर मुलगी टेबलावरच गेली असती, असं त्या डॉक्टरनं नंतर स्पष्ट सांगितलं. आईच्या त्या चार वाक्यांनी मुलीचा जीव वाचला. हेही खरं, आणि तिच्याच हातानं तो धोक्यात आला होता, हेही खरं.

"म्हणजे तुम्ही आम्हाले फसवलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "आम्ही त सहज म्हटलं होतं. सुया टोचा म्हटलं होतं का आम्ही?"

नव्हतं म्हटलं. त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडे असं सहज बोलणाऱ्यावर कधी कसलाच डाग येत नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर लग्न मोडलं. ऋषिकेशनं श्वेताला 'लवकर बरी हो' असा निरोप पाठवला आणि त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचं दुसरीकडे साक्षगंध झालं.

श्वेता एकवीस दिवस दवाखान्यात होती. ती जगली. मूत्रपिंडं सावरली, कावीळ उतरली. पण स्वादुपिंडाचा बराचसा भाग कामातून गेला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की तिला आता मधुमेह आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागेल, बहुधा जन्मभर. जिला शुगर नव्हती तिला शुगरचं औषध टोचलं, आणि आता ती खरोखरची शुगरची पेशंट झाली. गोपिकानं सुई हातात घेतली तेव्हा श्वेतानं ती काढून घेतली.

"राहू दे आई. माझं मी टोचून घेतो."

तिनं आवाज चढवला नाही, आईला एकही दूषण दिलं नाही. गोपिकाला वाटलं, एकदा भांडली असती तर बरं झालं असतं.

जुलैत गोपिका सिंधूताईंना घेऊन औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेली आणि चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देणाऱ्या त्या दुकानाविरुद्ध लेखी तक्रार देऊन आली. तक्रारीत सुशीलचं नाव होतं, आणि स्वतःचंही. तिच्या भावानं, सुशीलच्या वडिलांनी, त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं.

त्याच सुमारास श्वेताला भेटायला नात्यातली एक बाई आली. बरोबर तिची मुलगी रोशनी होती, नुकतंच लग्न जमलेली. बाईनं हळहळ केली, डोळे पुसले आणि जाता जाता गोपिकाच्या कानाशी लागून म्हणाली, "झालं ते वाईटच झालं बाई. पण बारीक मात्र मस्त झाली. डोस कसा वाढवत होती वं तू त्या इंजेक्शनचा? आमची रोशनी थोडी अंगानं..."

गोपिकानं तिला खाली बसवलं. मग सारं सांगितलं, साक्षगंधापासून अतिदक्षता विभागापर्यंत, काहीही न झाकता, रोशनीच्या देखत आणि दार उघडं ठेवून. शेवटी ती रोशनीकडे वळली. "बेटा, तुझं वजन तुले त्रास देत असन त डॉक्टरकडे जाय, मी येतो तुझ्यासंग. तो म्हणन ते कर. पण दुसऱ्याले त्रास होते म्हणून अंगाले सुई लावू नको. आईनं म्हटलं तरी नको लावू."

बाई तोंड वाकडं करून उठली. रोशनी मात्र दारात थांबली आणि म्हणाली, "आत्या, आईनं मागच्या रविवारीच पहिली टोचली मले."

गोपिकानं पायात चपला घातल्या आणि रोशनीचा हात धरून तिला सरळ डॉक्टरकडे घेऊन गेली.

नागरिकहो, असं पेन आज कितीतरी घरांत लपवलेलं असेल. औषध शत्रू नाही, पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीनं, तपासणी करून आणि ज्याला गरज आहे त्यालाच द्यायचं असतं. घेत असाल तर ते कुठल्याही डॉक्टरपासून लपवू नका, समोर व्याही उभे असले तरी. आणि ज्या मुलीला काही आजार नाही, तिला तुमच्या डोळ्यांना बरी दिसावी म्हणून आजारी पाडू नका. श्वेता परत शाळेत जाते, तीन मजले चढते, मधल्या सुटीत सुई टोचून घेते. साक्षगंधात हसलेल्या बायकांपैकी एकीलाही ते पाहावं लागत नाही.